मॅप सेन्सर बदलण्याआधी: दाबाच्या आकड्यावरून पेट्रोल कसं ठरतं

वंगण (धागाकर्ता)

चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी ०१०६ हा मॅप सेन्सरचा, म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरचा, कोड दिसला की निकाल ठरलेला: ‘मॅप सेन्सर गेलाय, बदलून टाका.’ सेन्सर बदलतात, कोड पुसतात, चार दिवसांनी दिवा परत हजर. अशा वेळी सेन्सर बऱ्याचदा खरंच बोलत असतो. मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपांत, दाब किती, एवढंच त्याला कळतं. तो दाब तिथे का आहे, हे शोधणं आपलं काम. म्हणून हा धागा. आधी हिशेब मांडतो, मग तपासणी. चुकलं तर बिनधास्त कान धरा.

आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत आत येणारी हवा थेट मोजणारं काही नसतं. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, ती तीन गोष्टींवरून काढतो: इनटेक मॅनिफोल्डमधला दाब, तिथल्या हवेचं तापमान आणि इंजिनचा आरपीएम. सूत्र शाळेतलंच आहे, वायूचा नियम. दाब वाढला की तेवढ्याच जागेत हवा जास्त मावते, तापमान वाढलं की कमी.

१.२ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन घ्या. एका सिलिंडरच्या वाट्याला साधारण ३०० सीसी. गरम इंजिन, आयडलिंगला दाब ३५ किलोपास्कल, हवा ४० अंश. या दाबाला नि तापमानाला ३०० सीसीत ११७ मिलिग्रॅम हवा मावते. पण सिलिंडर कधीच पूर्ण भरत नाही. आधीचा थोडा जळका वायू आत उरलेला असतो. या भरण्याच्या टक्केवारीचा तक्ता ईसीयूत असतो, आरपीएम आणि दाब यांनुसार. इथे ७५ टक्के धरू. उरली ८८ मिलिग्रॅम हवा. तिला १४.७ ने (एक भाग पेट्रोलला वजनाने एवढे भाग हवा) भागलं की ६ मिलिग्रॅम पेट्रोल. इंजेक्टर मिनिटाला १५० ग्रॅमचा असेल तर एका मिलिसेकंदात अडीच मिलिग्रॅम सोडतो, म्हणजे २.४ मिलिसेकंद. सुई उचलायला १४ व्होल्टवर सुमारे ०.९ मिलिसेकंद जातात, ते मिळवा. स्कॅनरवर दिसणारे ३.३ मिलिसेकंद असे येतात.

तीच गाडी पूर्ण रेस देऊन चढावर. दाब ९३, भरणं ८५ टक्के, मिश्रण मुद्दाम घट्ट (पेट्रोल जास्त), म्हणजे १४.७ च्या जागी १२.५. पेट्रोल २१ मिलिग्रॅम, इंजेक्टर सव्वानऊ मिलिसेकंदांच्या पुढे उघडा.

आता सेन्सरने ३५ च्या जागी ४५ सांगितलं तर? सगळं दाबाच्या पटीत चालतं, त्यामुळे पेट्रोल २८ टक्के जास्त. सायलेन्सरच्या वाटेतला ऑक्सिजन सेन्सर बोंब मारतो, ईसीयू ट्रिम, म्हणजे पेट्रोलची टक्क्यांतली दुरुस्ती, उणे करत जातो. ट्रिमची हद्द बऱ्याच गाड्यांत २५–३० टक्क्यांच्या आसपास असते. ती संपली की पी ०१७२ (मिश्रण घट्ट) हा कोड, सायलेन्सरला काजळी, अ‍ॅव्हरेज खड्ड्यात. आणि पूर्ण रेसवर बहुतेक गाड्या ऑक्सिजन सेन्सरकडे बघतच नाहीत. तिथे मॅपची चूक दुरुस्त करायला कुणी नसतं. चूक उलट्या दिशेची, म्हणजे दाब कमी सांगणारी असेल तर चढावर मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) होऊन इंजिन नॉक करतं, म्हणजे आत अवेळी पेट घेऊन ठोके वाजतात. ही चूक जास्त महाग पडते.

सेन्सरच्या पोटात सिलिकॉनचा पातळ पडदा असतो. एका बाजूला निर्वात पोकळी, दुसरीकडे मॅनिफोल्डची हवा. पडदा वाकला की त्यावरच्या रोधांची किंमत बदलते, आत बसवलेलं सर्किट त्याचे व्होल्ट करून पाठवतं. बॉशच्या ११५ किलोपास्कलच्या प्रचलित सेन्सरचं गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे: १० किलोपास्कलला ०.४० व्होल्ट, ११५ ला ४.६५. म्हणजे एका किलोपास्कलमागे साधारण ४० मिलिव्होल्ट.

सेन्सरला दोष देण्याआधी तीन तपासण्या करा. पहिली, किल्ली ऑन आणि इंजिन बंद: बाहेरच्या हवेचा दाब दिसला पाहिजे. वरच्या सेन्सरला ९५ किलोपास्कल म्हणजे ३.८४ व्होल्ट. दुसरी, गरम इंजिन, एसी बंद, आयडलिंग: बहुतेक गाड्यांत २८ ते ४०. तिसरी, झटकन रेस देऊन सोडा: आकडा क्षणात बाहेरच्या दाबाजवळ जायला हवा आणि रेस सोडताच आयडलिंगपेक्षा खाली, २०–२५ पर्यंत पडायला हवा. वर जाताना रेंगाळला तर भोकाच्या तोंडाशी कचरा आहे.

घाटवाट

पहिल्या तपासणीत एक घोळ कायम होतो. किल्ली ऑन केल्यावर १०१ दिसलं नाही की लोक सेन्सरला नापास करतात. १०१ समुद्रसपाटीला. पुणे सुमारे ५६० मीटरवर, तिथे ९४–९५ हाच बरोबर आकडा. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर, तिथे ८६. उंची हजार मीटर वाढली की सुरुवातीला ११ ते १२ किलोपास्कल कमी होतात, एवढं पाठ असलं की पुरे. हवामानाने एखादा किलोपास्कल इकडेतिकडे होतो.

मोबाइलच्या हवामान अ‍ॅपमधल्या आकड्याशी मात्र ताडू नका. अ‍ॅप समुद्रसपाटीला रूपांतर केलेला दाब दाखवतं, पुण्यातही १०१० हेक्टोपास्कलच्या आसपास. ज्या फोनमध्ये स्वतःचा दाबमापक असतो त्याचा कच्चा आकडा चालतो.

कळफलक_काकू

प्रश्न बाळबोध असेल. घाट चढताना मॅनिफोल्डचा दाब कमी झाला तर सेन्सर तेवढं कमी सांगणार, पेट्रोलही कमी होणार. मग ईसीयूला बाहेरचा दाब वेगळा कशाला हवा?

वंगण

काकू, प्रश्न अजिबात बाळबोध नाही, इथेच गंमत आहे. मॅनिफोल्डमध्ये ४० किलोपास्कल मुंबईतही असू शकतात आणि महाबळेश्वरातही. पण सायलेन्सरचं तोंड वर ८६ च्या हवेत उघडतं, खाली १०१ च्या. बाहेर दाब कमी असला की जळका वायू सिलिंडरमधून जास्त चांगला निघतो, आत उरतो कमी. म्हणून त्याच ४० ला वर थोडी जास्त ताजी हवा आत येते. भरण्याच्या टक्केवारीत तेवढी सुधारणा करावी लागते.

बहुतेक ईसीयू बाहेरचा दाब किल्ली ऑन करताच, सेल्फ मारण्याआधी वाचून ठेवतात. नंतर पूर्ण रेस मिळाली की मॅनिफोल्ड आणि बाहेर जवळजवळ सारखे होतात, तेव्हा आकडा ताजा करतात. काहींच्या ईसीयूतच वेगळा दाबमापक असतो. हे दोन आकडे जुळले नाहीत की पी ००६९ येतो.

बारा_एमएम

एक ताजा पेशंट. १.२ पेट्रोल, ९० हजार किमी, पुणे. किल्ली ऑन ९५. आयडलिंगला ५२. लाँग टर्म ट्रिम (ईसीयूने शिकून साठवलेली दुरुस्ती) उणे १३. आयडलिंग हलतं, रेस दिली की सुधारतं. मिस्त्री म्हणतात सेन्सर. धाग्यानुसार पहिली तपासणी पास, दुसरी नापास. मग सेन्सर चांगला की वाईट?

वंगण

९५ बरोबर दिसतोय म्हणजे एका टोकाला सेन्सर खरा. दुसरं टोक हातपंपाने तपासा. गेज लावलेला हाताचा व्हॅक्यूम पंप आणा, सेन्सर काढून तोंडाला नळी लावा. कपलर जोडलेलाच ठेवायचा, इंजिन बंद. १० इंच पाऱ्याचा व्हॅक्यूम ओढला की ३४ किलोपास्कल वजा, म्हणजे पुण्यात ६१ दिसले पाहिजेत. २० इंचाला २७. व्होल्टमध्ये अनुक्रमे सुमारे २.४६ आणि १.०९, सेन्सर वर सांगितलेला असेल तर. आकडे जुळले आणि पंप धरून ठेवल्यावर मिनिटभर स्थिर राहिले तर सेन्सर निर्दोष. मग तुमच्या मॅनिफोल्डमध्ये खरोखरच ५२ आहेत.

आता थ्रॉटल, म्हणजे हवेच्या वाटेतली झडप, किती उघडा आहे ते बघा, हा आकडा कुणी बघत नाही. एअर पकडत असेल, म्हणजे कुठून चोरटी हवा आत येत असेल, तर ईसीयू थ्रॉटल नेहमीपेक्षा जास्त मिटतो. इंजिनातच दम नसेल तर आयडलिंग टिकवायला तो थ्रॉटल जास्त उघडतो. तुमच्या केसमध्ये ट्रिम उणे आहे. दाब जास्त दिसतोय, पण त्यातला बराचसा भाग ताज्या हवेचा नाही, जळक्या वायूचा आहे. ईसीयूला तो वेगळा ओळखता येत नाही. तो त्यालाही पेट्रोल देतो. माझा संशय क्रमाने: ईजीआर (जळका वायू परत इनटेकमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह) असेल तर तो उघडा अडकलाय, व्हेरिएबल टायमिंगचा (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेचा) ऑइल व्हॉल्व्ह अडकलाय, टायमिंग चेन ताणलीय किंवा एक दात सरकलीय, टॅपेट घट्ट झालेत.

नळीफुंकणी

याला जोड. २५०० आरपीएमला रेस धरून ठेवा, मिनिटभर. निरोगी इंजिनात दाब आयडलिंगइतका किंवा त्याखाली येतो आणि तिथेच राहतो. जर तो हळूहळू ३०, ३५, ४२ असा चढत गेला तर सायलेन्सरच्या वाटेतला, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदलाय. बाहेर जायला वाट नाही म्हणून आतला दाब वाढतोय. बारा_एमएम, तुमची गाडी रेस दिल्यावर सुधारते, त्यामुळे कन्व्हर्टरवर माझा संशय कमी, ईजीआरवर जास्त.

फिरकी

वंगणभाऊ, एक शंका. एअर पकडली की मिश्रण पातळ होतं आणि पी ०१७१ (पातळ मिश्रणाचा कोड) येतो, असं सगळीकडे वाचलंय. तुम्ही तसं लिहिलं नाहीत.

वंगण

ते मास एअरफ्लो सेन्सरवाल्या, म्हणजे आत येणारी हवा थेट मोजणाऱ्या गाड्यांचं खरं. तिथे मीटरच्या पुढून शिरलेली हवा मोजलीच जात नाही, म्हणून पेट्रोल कमी पडतं. मॅपवाल्या गाडीत चोरटी हवासुद्धा मॅनिफोल्डचा दाब वाढवते, सेन्सरला ती दिसते, पेट्रोल त्या मानाने मिळतं. लक्षण वेगळं: आयडलिंगचा आरपीएम चढलेला, ट्रिम जवळपास ठीक. दोन अपवाद. गळती एकाच सिलिंडरच्या पाइपाशी असेल तर तो एक पातळ होऊन मिसिंग करतो, बाकीचे घट्ट. आणि सेन्सर नळीने जोडलेला असेल व तीच नळी चिरली असेल, तर सेन्सर अर्धी बाहेरची हवा पितो, दाब जास्त सांगतो आणि गाडी पेट्रोल ढोसते. एका चिरेचे दोन उलटे परिणाम, ती कुठे आहे त्यावर.

ओहमचा_नियम

वायरिंगचं कुणीच बोललं नाही म्हणून. मॅप आणि तापमान एकत्र असलेल्या बॉशच्या चार पिनांच्या सेन्सरला १ ग्राउंड, २ तापमान, ३ पाच व्होल्ट, ४ सिग्नल. दुसऱ्या बनावटीचा असेल तर आकृती बघूनच हात घाला.

कपलर काढा, किल्ली ऑन. ३ आणि १ मध्ये ४.९ ते ५.१ व्होल्ट हवेत. कपलर लावून, इंजिन चालू ठेवून, सेन्सरच्या ग्राउंडपासून बॅटरीच्या उणे टोकापर्यंत मीटर लावा. ५० मिलिव्होल्टच्या वर गेलं तर ग्राउंड कुजलंय. ४० मिलिव्होल्टला एक किलोपास्कल हे गणित आठवा. ग्राउंडवरचे २०० मिलिव्होल्ट म्हणजे ५ किलोपास्कलचा खोटा भार, आयडलिंगला १४ टक्के जादा पेट्रोल. एसी, हेडलाइट आणि पंखा लावल्यावर मॅपचा आकडा उडी मारत असेल तर आधी ग्राउंड बघा. पण एसीने इंजिनवर खरा भारही येतो आणि पाच-सात किलोपास्कल रास्तच वाढतात, हे विसरू नका.

पाच व्होल्टच आले नाहीत म्हणून ईसीयू गेला असं कुणी सांगितलं तर दोन मिनिटं थांबा. तीच पाच व्होल्टची लाइन अनेक गाड्यांत थ्रॉटल सेन्सर आणि एसीच्या गॅसचा प्रेशर सेन्सर यांनाही जाते. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचे पाच व्होल्ट बसतात आणि स्कॅनरवर कोडांची जत्रा भरते. एकेक कपलर काढत जा. जो काढल्यावर पाच व्होल्ट परत येतात तो चोर.

कोडांची भाषाही बघून घ्या. पी ०१०७ म्हणजे सिग्नलचा व्होल्टेज तळाला, पी ०१०८ म्हणजे माथ्याला. हे दोन बहुधा वायर, कपलर किंवा सेन्सर. पी ०१०६ म्हणजे आकडा शक्य कोटीतला आहे, पण थ्रॉटल आणि आरपीएमशी पटत नाही. तिथे वंगण म्हणतात तसं, इंजिनाकडे बघा.

कळफलक_काकू

पावसाळ्यात उंदरांचा उपद्रव होतो, त्याचं काय?

ओहमचा_नियम

होतोच. कुरतडलेली वायर नुसती टेपने गुंडाळू नका. सोल्डर करून वर हीट श्रिंक नळी चढवा. शिवाय इंजिन धुताना कपलरवर प्रेशरचं पाणी मारू नका. पिना हिरव्या पडल्या की आकडा ओलसर सकाळी वेगळा आणि दुपारी वेगळा, आणि असा दोष शोधताना माणूस म्हातारा होतो.

बारा_एमएम

वायरिंग ठीक, ग्राउंड १८ मिलिव्होल्ट. हातपंपाला ६१ आणि २७ बरोबर आले. थ्रॉटल आयडलिंगला नेहमीपेक्षा जास्त उघडा. ईजीआर या मॉडेलला नाही. टायमिंगचा ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह काढला तर त्याची जाळी गाळाने गच्च. साफ करून बसवला, ऑइल बदललं. आयडलिंगला आता ३६, ट्रिम हळूहळू शून्याकडे. जुना सेन्सर तसाच आहे.

फिरकी

वा! नवीन सेन्सरचे पैसे वाचले की.

डुप्लिकेट_नको

वाचले ते बरंच झालं, कारण बाजारात दिसायला हुबेहूब पण वेगळ्या मापाचे सेन्सर मिळतात. टर्बोच्या गाडीचा २५० किलोपास्कलचा सेन्सर आणि साध्या गाडीचा ११५ चा, कपलर तोच, स्क्रूचं भोक तेच. बॉशच्या २५० वाल्याचं गणित २० ला ०.४० आणि २५० ला ४.६५ व्होल्ट. तो पुण्यात किल्ली ऑन केल्यावर १.७९ व्होल्ट देईल. ईसीयू त्याचा अर्थ लावणार ११५ च्या तक्त्याने, म्हणजे त्याला ४४ किलोपास्कल दिसणार. पूर्ण रेसवरही गाडीला आयडलिंगपेक्षा थोडंच जास्त पेट्रोल मिळेल. सुरू झालीच तर दम नसेल. पार्ट नंबर अक्षर न् अक्षर ताडून घ्या आणि बसवण्याआधी किल्ली ऑनचा व्होल्टेज बघा.

सिलिंडर_मागे

सीएनजीवाल्यांसाठी थोडं. सिक्वेन्शियल किटमध्ये (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर) दाब मोजणारे दोन जण वाढतात: किटचा स्वतःचा मॅप आणि गॅसच्या रेलमधला, म्हणजे इंजेक्टरांना गॅस पुरवणाऱ्या पाइपातला, दाब सेन्सर. सिलिंडरमधले २०० बार रेड्युसर खाली आणतो, रेलमध्ये मॅनिफोल्डपेक्षा साधारण २ बार जास्त ठेवतो. गॅसचा ईसीयू पेट्रोलच्या इंजेक्टरची वेळ ऐकतो आणि तिला गॅसचा दाब, गॅसचं तापमान व मॅप यांच्या हिशेबाने गुणून गॅसच्या इंजेक्टरला देतो.

द्रवाचा प्रवाह दाबाच्या फरकाच्या वर्गमुळाने वाढतो. गॅसचं तसं नाही. आत-बाहेरचा फरक एवढा असतो की नोझलच्या तोंडाशी गॅसचा वेग ध्वनीच्या वेगाला भिडतो, मग प्रवाह फक्त रेलच्या निरपेक्ष दाबावर सरळ पटीत ठरतो. रेल ३.० वरून २.७ बारवर आली तर गॅस १० टक्के कमी, वेळ तेवढी वाढवावी लागते. रेल सेन्सर खोटं बोलला की सगळी गुणाकारपट्टी चुकते.

शिवाय गॅस स्वतः जागा खातो. योग्य मिश्रणात आकारमानाने साडेनऊ टक्के मिथेन असतो. तेवढी हवा कमी, म्हणून पिकअप कमी. यात सेन्सरचा दोष नाही.

सगळ्यात चुकणारी जागा म्हणजे नळीचा टी, तीन तोंडांचा जोड. किटच्या मॅपची आणि रेड्युसरची रबरी नळी एकाच टीवर, तोही ब्रेक बूस्टरच्या पाइपावर. ब्रेक दाबला की दाब हलतो, गॅस हलतो. नळी सरळ मॅनिफोल्डमधून, थ्रॉटलच्या पुढून घ्या, आखूड ठेवा आणि दर सर्व्हिसला टोकाशी वाकवून भेग बघा. उन्हाळ्यात ही रबरं कडक होतात.

फिरकी

सीएनजीवर ठीक चालते पण पेट्रोलवर टाकली की पहिले दोन किलोमीटर अडखळते, हेही त्यातलंच का?

सिलिंडर_मागे

त्यातलंच. गाडी गॅसवर असतानाही पेट्रोलचा ईसीयू ऑक्सिजन सेन्सर बघून शिकत असतो. गॅसची पट्टी १० टक्के पातळ असेल तर तो लाँग टर्म ट्रिम अधिक १० करून बसतो. पेट्रोलवर आलात की तेच अधिक १०, म्हणून घट्ट. खरी ट्यूनिंग अशी: पेट्रोलवर ठरावीक मॅप आणि आरपीएमला इंजेक्टरची वेळ लिहून घ्या, गॅसवर त्याच जागी बघा. दोन्ही सारख्या आल्या पाहिजेत. आयडलिंग, मधली रेस आणि चढावरची, तीनही ठिकाणी. फक्त आयडलिंगला जमवून देणारे मिस्त्री खूप.

वंगण

उत्तम भर. यावरून ई२० चंही सांगतो. मी वर १४.७ घेतलं ते शुद्ध पेट्रोलचं. २० टक्के इथेनॉलला हेच प्रमाण १३.५ च्या आसपास येतं, म्हणजे त्याच हवेला वजनाने सुमारे ९ टक्के इंधन जास्त. मॅपला यातलं काहीच कळत नाही. फरक ट्रिमने भरून निघतो. जुन्या गाडीत सगळ्या आरपीएमला ट्रिम सारखाच अधिक ६–८ दिसत असेल तर ते टाकीतल्या इंधनामुळे असू शकतं. मॅपच्या चुकीचा ट्रिम सहसा असा सपाट नसतो, आयडलिंगला एक आणि भारावर दुसरा दिसतो.

नळीफुंकणी

वर्गमुळाची गोष्ट निघालीच आहे तर पेट्रोलची रेलही घ्या. जुन्या गाड्यांत रेलवरच्या रेग्युलेटरला मॅनिफोल्डची नळी असे, त्यामुळे इंजेक्टरच्या दोन टोकांतला फरक कायम ३ बारच्या आसपास राही. आता बहुतेक ठिकाणी रेग्युलेटर टाकीत असतो, परतीचा पाइप नाही, रेलचा दाब बाहेरच्या हवेच्या मानाने स्थिर. आयडलिंगला मॅनिफोल्ड इंजेक्टरच्या तोंडातून ओढत असतो. रेल ३ बारची असेल तर फरक ३.६५ बार होतो, प्रवाह १० टक्के वाढतो. ईसीयू हे मॅप बघूनच वजा करतो. म्हणजे मॅपची एक चूक हिशेबात दोनदा घुसते.

जुन्या रेग्युलेटरवाल्यांनी ती व्हॅक्यूम नळी काढून हुंगावी. पेट्रोलचा वास किंवा थेंब आला तर आतला पडदा फाटलाय आणि पेट्रोल थेट मॅनिफोल्डमध्ये चाललंय. तिथे मॅप कितीही बदला.

काळा_धूर

डिझेलवाल्यांना विसरू नका. आमच्याकडे हवेचा थ्रॉटल नाममात्र, सगळा कारभार रेलच्या दाबावर. गरम आयडलिंगला २५० ते ३५० बार, भारावर १.३ मल्टिजेटसारख्या इंजिनात १६०० पर्यंत. रेलच्या सेन्सरचा पडदा पोलादाचा. बऱ्याच सेन्सरांना शून्य बारला ०.५ व्होल्ट आणि कमाल दाबाला ४.५.

सेल्फ फिरतो पण गाडी उचलत नाही, अशा वेळी सेल्फ मारताना रेलचा आकडा बघा. दीड-दोनशे बारच्या खाली बहुतेक ईसीयू नोझल उघडतच नाहीत. पी ००८७ आला, म्हणजे दाब कमी पडतोय. क्रम असा: डिझेल फिल्टर, पाइपात हवा, नोझलांची परती, पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह, शेवटी पंप. परती मोजायला चारही नोझलांच्या रिटर्न पाइपांना चार सारख्या बाटल्या लावा, इंजिन मिनिटभर चालवा. एखाद्या बाटलीत इतरांच्या दुप्पट-तिप्पट डिझेल आलं तर ते नोझल गेलं.

सेन्सर खोटा आहे का? इंजिन बंद करून दहा मिनिटांनी किल्ली ऑन करा. शून्याच्या आसपास दिसलं पाहिजे. ४० बार दाखवत बसला तर तो फिरलाय. सेन्सर कमी सांगत असेल तर ईसीयू खरा दाब वाढवतो, इंजिन कडक वाजतं, धूर येतो.

आणि एक गोष्ट ओरडून सांगतो: इंजिन चालू असताना रेलचा पाइप ढिला करून ‘हवा काढणं’ बंद करा. ते जुन्या पंपाच्या डिझेल गाड्यांचं तंत्र. शेकडो बारची धार कातडीत घुसते, वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत हात सडतो. धार लागलीच तर वाट न बघता थेट हॉस्पिटल.

एकसिलिंडर

बाइकवाल्यांसाठी दोन ओळी. एका सिलिंडरच्या इंजिनात मॅपचा आकडा स्थिर नसतोच. इनटेक स्ट्रोकला खोल पडतो, मग बाहेरच्या दाबाकडे चढतो. ईसीयू ठरलेल्या क्रँक कोनालाच वाचतो आणि त्या पडण्यावरूनच कुठला स्ट्रोक चालू आहे हेही अनेक गाड्यांत ओळखतो. म्हणून बाइकवर मल्टिमीटरने सरासरी व्होल्ट मोजून निकाल देऊ नका. किल्ली ऑनचा आकडा तेवढा घ्या, बाकी ऑसिलोस्कोपवर.

कळफलक_काकू

शेवटचा प्रश्न. भोकाच्या तोंडाशी कचरा असेल तर घरी साफ करता येतो का? कार्ब क्लीनरचा डबा आहे घरात.

वंगण

करता येतो, पण तो डबा ठेवून द्या. कार्ब क्लीनर आतल्या संरक्षक जेलीला आणि प्लास्टिकला खातो. मास एअरफ्लो सेन्सरसाठी मिळतो तो स्प्रे किंवा इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर घ्या. इंजिन थंड, किल्ली ऑफ, कपलर काढा, स्क्रू काढा, सेन्सर किंचित फिरवत सरळ वर ओढा. तोंड खाली धरून दोन-तीन छोटे फवारे, म्हणजे घाण आत न जाता बाहेर गळेल. टाचणी, इअरबड, कॉम्प्रेसरची हवा, काहीही भोकात घालू नका. बाजूला डोकावणाऱ्या तापमानाच्या मण्यालाही धक्का नको. तो दहा अंश चुकला तरी हवेचा हिशेब तीन टक्क्यांनी हलतो. अर्धा तास सुकू द्या. मॅनिफोल्डमधलं भोक कापडाने पुसा, ओ-रिंगला थेंबभर इंजिन ऑइल लावा. चपटी किंवा चिरलेली असेल तर नवी घाला. स्क्रू प्लास्टिकमध्ये जातो, हाताने टेकला की थोडासाच आवळा.

कचरा तेलकट असेल तर तो पीसीव्ही व्हॉल्व्हकडून (इंजिनाच्या पोटातली वाफ परत इनटेकमध्ये सोडणाऱ्या व्हॉल्व्हकडून) येतोय. व्हॉल्व्ह काढून हलवा, खुळखुळ वाजला पाहिजे. वाजला नाही तर तो बदला, नाहीतर दोन महिन्यांनी सेन्सर पुन्हा तसाच.